उजवा मंगळवारी, डावा शुक्रवारी

बादमावशी कारखान्यातून परत आल्या, की दिवस कसा गेला हे कळायला त्यांचं तोंड बघावं लागत नसे. ते जिन्यातच कळे. पर्समधून किल्ली पहिल्या झटक्यात निघाली, तर दिवस बरा. ती सापडेना आणि चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी, बसचा पास, अर्धा कंगवा असा एकेक ऐवज पायरीवर आपटत बाहेर येऊ लागला, की वरखालच्या चारही बिऱ्हाडांची दारं बोटबोटभर उघडत. फुकटची करमणूक कोण सोडतं?

त्या शुक्रवारी मात्र अख्खी पर्सच पायरीवर आपटली. दारं वीतभर उघडली.

"घेऊन गेले!" मावशी बंद दाराला सांगत होत्या. "सगळं घेऊन गेले! वर झाडू मारून गेले!"

"चोर?" वरच्या मजल्यावरून कुणीतरी आशेने विचारलं.

"चोर असते तर बरं झालं असतं! चोरांना निदान डावा-उजवा कळतो!"

हे समजायचं तर थोडं मागे जायला हवं.

मावशी बुटांच्या कारखान्यात. नोकरीला तीस वर्षं, पैकी एकोणीस 'बाद' खोलीत, म्हणून बादमावशी. खरं नाव पगाराच्या पावतीवर असेल तर असेल. खोली म्हणजे पॅकिंगच्या हॉलच्या टोकाला, जिन्याखालची तिरकी जागा. एक टेबल, एक ट्यूबलाइट, खडूंचा डबा आणि जरा ताठ उभं राहिलं की टाळूवर टपली मारणारं छत. फिरत्या पट्ट्यावरून बूट जोडीने येतात. तपासणाऱ्या बायका त्यांतली खोट शोधतात, खोट असलेल्या बुटावर पांढऱ्या खडूने फुली मारतात आणि जोडच्या जोड मावशींकडे धाडतात. मावशी पुन्हा बघतात, चिठ्ठी भरतात. तारीख, नंबर, डावा की उजवा, दोष काय. खाली सही. मग बूट पोत्यात आणि महिन्याअखेरीस पोतं भंगारात.

आता गंमत अशी, की उजव्या बुटांचा तळ चिकटवणारं मशीन थोरल्या साहेबांच्या लग्नाइतकं जुनं. आठवड्यातून दोनदा ते रुसतं. डाव्या बाजूचं मशीन नवं आणि शहाणं. त्यामुळे बाद जोडांत बहुतेक वेळा खोट उजव्यात असते आणि डावा अगदी निर्मळ. त्या बिचाऱ्याचा गुन्हा काय, तर जोडीदार वाईट निघाला. "असल्यांची मला फार दया येते," असं मावशी घरी म्हणत आणि यजमानांकडे बघत. यजमान म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. ड्रायव्हरकाका मान न वळवता, आरशातून मागची गाडी बघावी तसे मावशींकडे बघत आणि पेपर उलटत.

एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाटकाबाहेर एक म्हातारा कुबड्या घेऊन बसची वाट बघत उभा असे. पाय एकच, डावा. दरवर्षी जोड विकत घ्यायचा आणि उजवा घरी ठेवायचा.

"अकरा उजवे साठलेत," तो मावशींना हसत म्हणाला होता. "टाकवत नाहीत हो. नवेकोरे आहेत."

मावशींनी दुसऱ्या दिवशी त्याच्या नंबरचा एक डावा कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला. नेमकी तेवढ्यात थोरल्या साहेबांची गाडी आली. काच खाली झाली.

"काय चाललंय?"

म्हाताऱ्याने बूट वर करून दाखवला, मग कुबडी दाखवली, मग नसलेला पाय दाखवला.

साहेबांनी बराच वेळ बघितलं. "मी काही बघितलं नाही," ते म्हणाले. "आणि बाई, तुम्हीही मला काही दाखवलं नाही." काच वर गेली.

कारखान्याचं सामाजिक धोरण म्हणतात ते एवढंच होतं, आणि एकोणीस वर्षं ते झकास चाललं.

म्हाताऱ्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसरीला. आधी एका पायाचे आले. मग पाय दोन, पण नंबरही दोन, असे आले. या लोकांना जन्मभर दोन-दोन जोड विकत घ्यावे लागतात आणि त्यातले दोन बूट पलंगाखाली म्हातारे होतात. मावशींनी बाद खोलीत भिंतीला रॅक ठोकून घेतलं. चांगल्या निघालेल्या प्रत्येक बुटाला निळ्या दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, नंबर आणि कुणासाठी ते लिहून. जोडीला एक लांबट वही. वहीत त्र्याण्णव माणसं, पण नावाने नव्हे, पायाने: 'पोस्टातली, डावा पाच, उजवा सात.' 'ट्रम्पेटवाला, फक्त डावा नऊ.' 'भांडखोर नर्स, डावा सहा, उजवा साडेसहा, तरी कुरकुर.'

राहता राहिलं फाटक. पूर्वी लोक जुने बूट घालून आत यायचे आणि नवे घालून बाहेर पडायचे, तेव्हापासून नियम होता की जोड बाहेर जाणार नाही. फाटकावरचे दादा नियमाचे पक्के.

"एक चालेल, मावशी. एक बूट म्हणजे माल नव्हे, कचरा. दोन झाले की माल."

म्हणून ज्याला दोन्ही हवेत, त्याला उजवा मंगळवारी, डावा शुक्रवारी. मधले दिवस माणसाने त्या एका बुटाला पॉलिश करत बसावं.

मग थोरले साहेब निवृत्त झाले आणि धाकटे साहेब बाहेरगावी शिकून उद्देश घेऊन आले. कारखाना बूट विकण्यासाठी आहे, असा तोवर सगळ्यांचा समज होता. तो गैर होता असं कळलं. भिंतीवर भला मोठा फलक लागला: 'आम्ही बूट बनवत नाही, आम्ही वाट बनवतो.' तळ चिकटवणाऱ्या विभागातली माणसं दोन दिवस घाबरून होती, आपल्याला आता डांबराच्या कामावर पाठवतात की काय. 'सामाजिक बांधिलकी आणि उद्देश' नावाचा विभाग उघडला आणि त्यावर एक ताई आल्या. हुशार, कामसू, तीन रंगांची पेनं बाळगणाऱ्या, आणि चेहऱ्यावर असं हसू की दिवा घालवला तरी दिसावं. कामगारांनी दुपारच्या चहापर्यंत त्यांचं नाव उद्देशताई पाडलं.

उद्देशताईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना पिवळे कागद वाटले. त्यावर लिहायचं होतं, 'मी सकाळी कशासाठी उठते?' मावशींनी लिहिलं, 'साडेपाचला पाणी येतं म्हणून.' ताईंनी तो कागद भिंतीवर लावला नाही.

इथे घड्याळवाले येतात. बसस्टॉपजवळच्या टपरीत डोळ्याला भिंग लावून बसलेला, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. लहानपणीच्या तापाने डावा पाय वाढायचा राहून गेला. उजवा आठ, डावा चार. आयुष्यभर डाव्या बुटात चिंध्या कोंबून चालले. आता त्यांना स्टेशनवरच्या अकरा घड्याळांचं काम मिळालं होतं, सोमवारपासून, सकाळी सातला. घड्याळं उंचावर, म्हणजे दिवसभर शिडी. स्टेशनच्या साहेबाने पाय बघून स्पष्ट सांगितलं होतं, "चिंध्या भरलेला बूट शिडीवर चालणार नाही. नीट बूट घालून आलात तर काम, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

डावा चार ही अवघड चीज. कारखाना चार नंबर वर्षातून दोनदाच काढतो. मावशी आठ महिने डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या, आणि नेमका मागच्या आठवड्यात एक काळा, कुळकुळीत डावा चार बाद जोडातून आला. मावशींनी त्याला स्वतः पॉलिश केलं. मंगळवारी घड्याळवाल्यांना उजवा आठ दिला. डावा चार चिठ्ठी बांधून रॅकवर ठेवला, शुक्रवारसाठी. बुधवार-गुरुवार रजा टाकली, कारण ड्रायव्हरकाकांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता.

शुक्रवारी सकाळी खोलीचं दार उघडलं, तर रॅक रिकामं. पुसलेलं. वर एक शोभेचं रोप, आणि त्याला टेकून कार्ड: 'रिकामी जागा, नवा विचार.'

मावशी तशाच तिसऱ्या मजल्यावर. तीस वर्षांत त्या मजल्यावर दुसऱ्यांदा.

"ताई, माझे बूट?"

"अय्या, तुम्हाला कळलं पण!" उद्देशताई टाळी वाजवत उठल्या. "मावशी, चारशे चोवीस चांगले बूट तुमच्याकडे नुसते पडून! आणि आपल्याला उद्याच्या शाळेच्या वाटपाला दोनशे जोड कमी पडत होते. मग काय, अकाउंटवाले, जाहिरातवाले, सगळे कँटीनमध्ये बसलो आणि जोड्या लावल्या. इतकी मजा आली! दोनशे बारा जोड!"

"जोड्या कशा लावल्या?"

"रंगावरून."

"आणि नंबर?"

"शेजारी-शेजारी ठेवून. साधारण."

"डावा-उजवा?"

ताईंचं हसू किंचित गोंधळलं. "बूट दोन घेतले की एक डावा आणि एक उजवा असणारच ना, मावशी."

वाक्य इतकं गुळगुळीत होतं की चूक धरायची कुठे, हेच मावशींना कळेना.

"ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "त्यातले चारांतले तीन डावे आहेत."

"असं कसं होईल? कारखान्यात सारखेच बनतात ना?"

"बनतात सारखे, बिघडतात वेगळे! बरं, ते जाऊ दे. मला त्यातला एकच द्या. काळा, डावा, चार नंबर. चिठ्ठी आहे त्याला."

"चिठ्ठ्या मळक्या होत्या, आम्ही कापल्या." मग मावशींचा चेहरा बघून ताई घाईने म्हणाल्या, "आता सगळं पॅक झालंय, सील झालंय. अहवालात आकडाही गेला. पण तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे, मावशी! सूचनेचा फॉर्म भरा. सोमवारच्या बैठकीत पहिला विषय."

संध्याकाळी फाटकाबाहेर घड्याळवाले उभे होते. पायात उजवा नवा, डावा जुना. त्यांनी मावशींचे रिकामे हात बघितले.

"असू दे, मावशी," ते म्हणाले. "चिंध्या आहेत की. जरा घट्ट बसवतो."

त्या 'असू दे'ने मावशींचं डोकं जास्त फिरलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणून ती पर्स पायरीवर आपटली.

घरात ड्रायव्हरकाका एका डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला एकाच डोळ्याने दिसतंय, पण तू उद्या शाळेत जाणार हे दिसतंय."

"जाऊन काय करू? एकोणीस वर्षं मी फाटकातून बूट बाहेर काढतेय. तोंड उघडलं की पहिला प्रश्न तोच येणार, कुणाला विचारून? निवृत्तीला चौदा महिने उरलेत माझ्या!"

"मग गप्प बस."

"गप्प कशी बसू? तो माणूस सोमवारी शिडी चढणार, नाहीतर काम जाणार!"

"मग बोल."

"बोलू कशी? हातात काय पुरावा आहे माझ्या?"

काकांनी उशी सरळ केली. "एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. असल्या प्रवाशांना मी जन्मभर एकच सांगत आलो. बाई, आत या नाहीतर उतरा. गाडी खोळंबलीय."

मावशी रात्रभर कूस बदलत राहिल्या. त्यातली निम्मी रात्र, नवरा फार शहाणपणाचं बोलला याच रागात गेली.

शनिवारी शाळेच्या मैदानात मंडप, खुर्च्या, माइक, दोन कॅमेरे. कारखान्याच्या माणसांना एकसारखे टी-शर्ट, छातीवर 'मी वाट बनवतो.' मावशींना मिळाला तो दोन नंबर लहान. बूट असो की शर्ट, या लोकांना नंबर विचारायची सवयच नव्हती.

व्यासपीठावर सातवीतली एक मुलगी खुर्चीत बसवलेली. दोन घट्ट वेण्या, चेहरा गणिताच्या पेपराला बसल्यासारखा. फोटोसाठी पुडक्यांतला सर्वांत चकचकीत जोड निवडून ठेवला होता. धाकटे साहेब तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. माणूस मनापासून बसला होता, खोटं कशाला बोला. त्यांनी पहिला बूट चढवला. डावा. अगदी बसला. टाळ्या.

त्यांनी दुसरा घेतला. बूट जाईना. त्यांनी लेस सैल केली. जाईना. चवडा धरून जरा ढकलला. मुलीने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या आणि बराच वेळ दम धरला.

"काका," ती शेवटी म्हणाली, "हा पण डावाच आहे."

माइक साहेबांच्या कॉलरला लावलेला होता. अख्ख्या मैदानाने ऐकलं.

"असं कसं?" साहेब म्हणाले. "दोन आहेत ना?"

"दोन आहेत. पण दोन्ही डावे."

तोवर खाली पोरांनी पुडकी फोडायला सुरुवात केली होती. "माझेपण दोन डावे!" "माझा एक सहा, एक आठ!" "ए, उजवा कुणाकडे आहे? माझा डावा घे, वर रबर देतो!" पाच मिनिटांत मैदानाचा बाजार झाला. उजव्याचा भाव आकाशाला भिडला. उद्देशताई एका हातात एक डावा, दुसऱ्या हातात एक डावा घेऊन दोन्हींकडे आळीपाळीने बघत उभ्या होत्या. हसू पहिल्यांदाच मावळलं होतं.

मावशींचं मात्र खाली लक्ष नव्हतं. त्या मुलीच्या डाव्या पायाकडे बघत होत्या. काळा, कुळकुळीत, चार नंबर. वरच्या भोकात निळ्या दोऱ्याचं टोक अजून अडकलेलं. चिठ्ठी कापणाराला गाठ काही सुटली नव्हती.

व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या. पहिलीवर मावशींचा एक पाय, दुसरा खाली मैदानात. तशा त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग नवऱ्याला एक शिवी हासडून वर चढल्या.

"बाळ," त्या म्हणाल्या, "तेवढा डावा काढ."

माइकने हेही मैदानाला पोचवलं. कॅमेरे वळले.

"मावशी!" उद्देशताई खालून ओरडल्या.

"तू गप गं!"

साहेब अजून गुडघ्यावरच होते. "तुम्ही... मुलीच्या पायातला बूट काढून घेताय?"

"हो, घेतेय. तो हिचा नाहीच. एका माणसाचा डावा पाय चार नंबरचा आहे, उजवा आठचा. सोमवारी त्याला शिडी चढायचीय. आठ महिने थांबलाय तो या बुटासाठी. असली त्र्याण्णव माणसं आहेत माझ्या वहीत. ज्याचा जोडीदार बाद झाला तो चांगला बूट मी त्यांना देते. एकोणीस वर्षं देतेय, न विचारता. चोरी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण चोरीसुद्धा मी नंबर बघून केलीय, साहेब. तुम्ही दान केलंत ते न बघता."

रबर देणाऱ्यानेही सौदा थांबवला. मुलगी तेवढ्यात लेस सोडून मोकळी झाली होती.

"हा घ्या," ती म्हणाली. "एकटा डावा मी काय करू? पण मला जोड मिळणार ना? खराखुरा?"

"ह्यांना विचार."

मुलीने साहेबांना विचारलं, "मिळणार ना? माझा नंबर चार. दोन्ही पायांचा."

"मिळेल," साहेब म्हणाले.

"कधी?" मावशींनी विचारलं.

"लवकरच."

"लवकरच हा कुठला वार?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मंगळवारी. सगळ्यांना. नवे जोड, गोदामातून. नंबर घेऊन."

"मग घ्या नंबर," मावशी म्हणाल्या.

दुपारी दोनपर्यंत अकाउंटवाले, जाहिरातवाले, दोन कॅमेरेवाले आणि धाकटे साहेब स्वतः मैदानात गुडघे टेकून जुन्या वर्तमानपत्रांवर पोरांच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवत होते. मावशी मधून फिरत होत्या. "टाच टेकव रे." "साहेब, पेन्सिल उभी धरा, तिरकी नाही." "अहो, अंगठा राहिला बाहेर!" फोटो काढायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

डावा चार घड्याळवाल्यांना रविवारी टपरीतच मिळाला. त्यांनी तो घातला, लेस बांधली, बसस्टॉपपर्यंत गेले, परत आले. दुरुस्त झालेलं घड्याळ कानाशी धरून जसं म्हणतात तसंच म्हणाले, "चालतंय." सोमवारी सातला ते शिडीवर होते.

सोमवारी मावशींना साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. वही टेबलावर उघडी.

"बाबांना माहीत होतं हे?"

"ते म्हणाले होते, मी काही बघितलं नाही."

साहेब थोडे हसले. "मला मात्र सगळं बघायचंय, मावशी. हे फार मोठं आहे. याला नाव हवं, कार्यक्रम हवा..."

मावशींना पुढचं सगळं दिसलं. फलक, फॉर्म, डॉक्टरचा दाखला, पावलांचे दोन फोटो.

"साहेब, एक मागू? नाव नको, फोटो नको. वहीत अकरा माणसं अशी आहेत, ज्यांच्या नंबरचा बूट बाद होऊन येतच नाही. कुठेतरी काहीतरी बिघडेल याची वाट बघत बसलीयत बिचारी. तेवढे बनवून द्या. एकेक."

"एकच बूट?" साहेब मागे रेलले. "मावशी, पट्टा जोडीने चालतो. एक बूट बनवायचा तर तो कुठल्या खात्यात बसवू? कुठेच बसत नाही."

"मग उद्देश कुठे बसवलाय, तिथेच सरकवा जरा."

साहेब उठले. खिडकीतून खाली फाटकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघतो."

त्या संध्याकाळी जिन्यात चष्म्याचं घर, गोळ्या, पास, कंगवा, सगळं बाहेर आलं. "बघतो म्हणाले! बापाने बघितलं नाही म्हणून एकोणीस वर्षं काम झालं. आता हा बघणार! संपलंच!"

आणि फॉर्म आलाच. सात पानी. उद्देशताई स्वतः घेऊन आल्या, दारातून आत येताना छताची टपली खाल्ली आणि टाळू चोळत तिथेच उभ्या राहिल्या. रॅकखाली, पोत्यांत, शाळेतून परत आलेले चारशे तेवीस बूट. मावशी एकेकाला नवी चिठ्ठी बांधत होत्या.

"मी बांधू?" ताईंनी विचारलं.

"डावा कुठला, उजवा कुठला ते कळतं का आता?"

"शिकवा."

ताई आठवडाभर दुपारी येत राहिल्या. सुरुवातीला प्रत्येक बूट वर धरून "हा डावा ना, मावशी?" असं विचारून त्यांनी मावशींच्या नाकी नऊ आणले. फॉर्म सात पानी असल्यामुळे रॅकच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली चपखल बसला. काढून घ्या, असं ताईही म्हणाल्या नाहीत.

साहेबांच्या 'बघतो'ला तीन आठवडे झाले. मावशींनी नाद सोडला होता. आणि एका शुक्रवारी दुपारी पट्ट्यावरून एक बूट खाली आला. एकटाच. जोडीदार नाही.

उजवा, तीन नंबर. मावशींनी वही न बघता ओळखलं. वहीतल्या अकरांपैकी पहिली: 'तिकीट खिडकीवाली, उजवा तीन, सहा वर्षं वाट बघतेय.' बुटावर खडूची फुली होती, एवढी मोठी आणि वेडीवाकडी की तपासणीतल्या कुठल्याही बाईने मारली असती तर तिला लाज वाटली असती.

मावशींनी बूट ट्यूबलाइटखाली धरला. शिवण बघितली. तळ वाकवून बघितला. आत हात घालून अस्तर चाचपलं. पंधरा मिनिटं खोट शोधली. खोट नव्हती.

मग त्यांनी चिठ्ठी बघितली. तारीख नाही. नंबर भलत्याच रकान्यात. डावा की उजवा, काही खूण नाही. दोषासमोर एकच शब्द: 'आहे.' आणि खाली, जिथे मावशींची सही असते नेमकी तिथे, धाकट्या साहेबांची लांबलचक सही.

"कर्म माझं!" मावशींनी कपाळाला हात लावला. "एक चिठ्ठी भरता येत नाही, आणि कारखाना चालवतात!"

त्यांनी ती चिठ्ठी घडी घालून वहीत ठेवली आणि नवी घेतली. तारीख घातली. नंबर तीन. उजवा. दोषाच्या रकान्यापाशी जरा थांबल्या. मग लिहिलं, 'शिवण वाकडी.' सही केली.

फाटकावर दादांनी चिठ्ठी वाचली, बूट उलटसुलट केला, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"मावशी, शिवण तर..."

"वाकडी आहे."

दादांनी पुन्हा बघितलं. "एकच आहे ना?"

"एकच."

"मग जाऊ दे."

त्या संध्याकाळी किल्ली पहिल्या झटक्यात निघाली. बोटभर उघडलेली चारही दारं जरा हिरमुसून बंद होऊ लागली. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, ऐकलंत का? तारीख नाही! तारीखसुद्धा घातली नाही त्या माणसाने!"

दारं पुन्हा उघडली.